काळ्या माशाची ड्युटी

केसरीनाथ शेठच्या हॉलमधला काळा मासा मंगळवारी आजारी पडला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं. माणसं दुष्ट होती असं नाही. मासा त्याच कामासाठी ठेवलेला होता.

वडप्याच्या नाक्यावरून आत वळलं की जिथे पूर्वी भाताची खाचरं होती आणि आता लांबच्या लांब पत्र्याची गोदामं आहेत, तिथे शेठचा तीन मजली बंगला आहे. शेतं गोदामं व्हायला दोन वर्षं लागली. केसरीनाथचे केसरीनाथ शेठ व्हायला जरा जास्त लागली, आणि उरलेली कसर भरून काढायला शेठनी हॉलमध्ये पाच फुटी काचेची टाकी बसवून घेतली. टाकीत आठ सोनेरी मासे आणि एक काळा. डोळे बाहेर आलेला, झालरीच्या शेपटीचा, कायम कसला तरी धक्का बसल्यासारखा दिसणारा.

हा आकडा भूपेशभाईंनी ठरवलेला. भूपेशभाई वास्तूचे सल्लागार. कल्याणहून यायचे, खिशातून होकायंत्र काढायचे आणि घरात आग्नेय कुठे चुकली आहे ते दाखवायचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आठ सोनेरी मासे लक्ष्मी आणतात आणि काळा मासा घरावर येणारी पीडा स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो. मेला की नवा आणायचा. नवाही भूपेशभाईच आणायचे, ऊर्जा भरून. इतकी स्पष्ट जबाबदारी आपल्याकडे सरकारी खात्यातसुद्धा कुणाला दिलेली नसते.

गेल्या सहा वर्षांत चौतीस काळे मासे या ड्युटीवर कामी आले होते. शेठना प्रत्येकाची कामगिरी तोंडपाठ होती. सातवा मासा मुलाची, म्हणजे भाविकची, गाडी ट्रेलरला घासली तेव्हा गेला. गाडी गेली पण मुलगा वाचला. बारावा गेला त्या आठवड्यात शेजारच्या गोदामाला आग लागली आणि शेठच्या भिंतीपाशी येऊन विझली. एकोणिसाव्याने शेठचा मूतखडा पाडला. पाहुणे आले की शेठ त्यांना टाकीसमोर उभं करून हा इतिहास सांगायचे. सोनेरी मासेही अधूनमधून मरायचे, पण त्याचा अर्थ पीडा मोठी होती इतकाच निघायचा.

भूपेशभाईंची आणखी एक सूचना होती. पीडा पाण्यात विरघळते, म्हणून दर शनिवारी टाकीतलं सगळं पाणी बाहेर फेकायचं. शेठ हे काम स्वतः करायचे. लुंगी खोचून ते टाकी कोरडी ठणठणीत करत, तळातले दगड नळाखाली धूत, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढराशुभ्र करत आणि मग नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरत. तळाशी तांब्याची पाच नाणी परत जागेवर ठेवत. त्या दिवशी टाकी अशी चमकायची की मासे हवेत लटकवल्यासारखे दिसायचे. दोन-तीन दिवसांनी त्यातले एकदोन खरोखरच लटकायला लागायचे.

सहा वर्षांत या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हा पस्तिसावा मासा मात्र आठ महिने टिकला होता. मंगळवारी त्याच्या अंगावर बारीक रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. पंख मिटून तो वरच्या कोपऱ्यात तोंड उघडझाप करत थांबला होता. मधेच खाली जाऊन दगडाला अंग घासत होता. शेठनी लगेच भूपेशभाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"शेठ, टायमिंग बघा!" भूपेशभाई खूश होऊन म्हणाले. "तुमचा अर्ज कधी भरायचाय?"

"सोमवारी."

अर्ज होता गोदाममालक संघाच्या अध्यक्षपदाचा. समोर काळूराम उभा राहणार होता. पलीकडच्या पाड्यावरचा, शेठपेक्षा दोन गोदामं कमी असलेला, आणि तरीही उभा राहणारा.

"मग सोमवारच्या आत त्याला जाऊ द्या. अर्जाच्या आधी गेला तर मैदान साफ. काही करू नका, औषधपाणी तर अजिबात नको. निसर्गाला काम करू द्या."

त्या क्षणापासून घर वाट बघायला लागलं. भाविक कामावर जाताना टाकीत डोकावून जाई. येणारेजाणारे चप्पल काढतानाच विचारत, "गेला काय?" आणि शेठ गंभीर चेहऱ्याने सांगत, "आज न् उद्या."

वाट न बघणारं घरात एकच माणूस होतं. शेठची बायको, जानकीबाई.

जानकीबाईंना माशांबद्दल हळवेपणा वगैरे मुळीच नव्हता. त्या कोन गावच्या. बाप खाडीत जाळं टाकायचा, आणि मासा दिसला की त्यांच्या हाताला आधी विळी आठवायची. पण पीडा अंगावर घेण्याच्या कामातला त्यांचा अनुभव मोठा होता. लग्न होऊन वडप्याला आल्या त्या आठवड्यात घरची म्हैस मेली. सासूने सांगितलं, पायगुण. मग सासऱ्यांचा पाय मोडला, पायगुण. दिराला कंपनीतून काढलं, पायगुण. विहिरीवरची मोटर जळली तेव्हा लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण पायगुणाला मुदत नसते. पुढे हायवेलगतच्या जमिनीला भाव आला, त्याला मात्र शेठची दूरदृष्टी कारण होती. हॉलमध्ये टाकी आली आणि पीडा घ्यायची ड्युटी माशाकडे गेली, त्या दिवशी जानकीबाईंना हलकं वाटलं. बदली माणूस मिळाला होता.

बुधवारी दुपारी त्या टाकीजवळ बसून लसूण सोलत होत्या. रोजची जागा. एरवी काळा मासा काचेपाशी येऊन त्यांच्या हाताबरोबर इकडून तिकडे फिरायचा. आज कोपऱ्यातून हलला नाही.

सून करिष्मा येऊन उभी राहिली. लग्नाला दीड वर्ष झालेली, बी.कॉम., सासऱ्यांचे निरोप पोचवायचं काम तिच्याकडे.

"आई, पप्पा म्हणतात सोमवारपर्यंत त्याला खायला टाकू नका."

"का?"

"म्हणजे... लवकर होईल."

जानकीबाईंनी हातातली लसणाची पाकळी सोलून पुरी केली, ताटलीत ठेवली आणि उठल्या.

"चपला घाल. परवा तू बोललीस ना, टेमघरला माशांचं दुकान हाय?"

"आई! पप्पांना काय सांगायचं?"

"सांग, मावरं आनाला गेलेल्या. खोटं न्हाय होयाचं, दुकान मासलीचाच हाय."

करिष्माने माशाचा फोटो काढला, टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं आणि दोघी रिक्षात बसल्या.

टेमघरचं दुकान सावळारामचं. तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढून कान गमावल्यावर त्याने मासे विकायला घेतले होते. मासे आवाज करत नाहीत, हे त्याच्या निवडीचं कारण. स्वतः मात्र तो अजून वीस लूम चालू असल्यासारखा ओरडून बोलायचा. फोटो त्याने लांब धरून बघितला, बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब त्यात टाकले आणि नळी हलवून थोडा वेळ धरून ठेवली. पाणी पिवळसर होतं ते हिरवं झालं, मग आणखी हिरवं.

"वैनी!" सावळाराम ओरडला. रस्त्यावरचे दोघे थांबले. "मासा नाय आजारी! पानी आजारी हाय! मासा फकस्त सांगतोय! हे हिरवं म्हणजे जहर! पानी किती दिवसांनी बदलता?"

"दर शनवारी," करिष्मा म्हणाली.

"किती?"

"सगळं."

सावळारामने कपाळाला हात लावला. "आनि स्पंज?"

"धुतात. नळाखाली. पांढरा होईपर्यंत."

"मर्डर!" सावळाराम म्हणाला. "वैनी, ऐका. त्या स्पंजात कामगार असतात. बारीक, डोळ्यांना दिसत नाय. चोवीस तास शिफ्ट, सुट्टी नाय, पगार नाय. माशाची घाण तेच खातात, तेव्हा पानी साफ राहतं. तुम्ही शनवारी नळाखाली स्पंज धुता म्हणजे सगळ्या शिफ्टला एका दमात मारता. वर नळाच्या पान्यात क्लोरीनची पावडर. आपल्याला ती पायजे, माशाच्या कल्ल्यांना जाळते. मग मंगळवारी विचारता, मासा का लटकला? कारखान्यात कामगारच नाय, तर काय मालकाने लूम चालवायचं?"

"मालक तेच करतो," जानकीबाई म्हणाल्या.

सावळारामला ते ऐकू गेलं नाही. त्याने ओरडून उपाय सांगितला. ठिपके हा रोग सगळ्या टाकीत असतो, म्हणून मीठ सगळ्या टाकीला. पण हा मासा फार थकलाय, याला वेगळा ठेवा, नाहीतर बाकीचे टोचून मारतील. दहा लिटरला तीन चमचे खडा मीठ, एकदम नाही, दीड दिवसात थोडं थोडं. पाणी रोज एकदोन अंश गरम करत अठ्ठावीसच्या पुढे न्यायचं, हवेचा पंप जोरात. रोज चौथा हिस्सा पाणी तळातून ओढून काढायचं, कारण ठिपके पिकून खाली पडतात आणि तिथून नवे उठतात. भरायचं पाणी एक दिवस उघडं ठेवलेलं. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीच्याच पाण्यात बुचकळायचा, पांढरा करायचा नाही.

"आनि ठिपके गेले म्हणून थांबायचं नाय! चार दिवसांत जातील, सगळे खूश होतील, तेव्हाच खरी लबाडी असते. दहा दिवस पुरे करा."

"टाकीत तांब्याची नाणी आहेत, चालतील?" करिष्माने विचारलं.

"तांबं?" सावळाराम इतका मोठ्याने ओरडला की त्याचे स्वतःचे मासे दचकले. "कुनी ठेवायला सांगितलं?"

"सल्लागारांनी."

"त्याला माशांचं माहिती हाय का?"

"न्हाय," जानकीबाई म्हणाल्या. "पीडेचं हाय."

घरी आल्यावर त्यांनी मागच्या खोलीतून थर्माकोलचा मोठा खोका काढला. मागच्या महिन्यात त्यातून बर्फात सुरमई आली होती. खोका नुसत्या पाण्याने चार वेळा धुऊन त्यात त्यांनी दोन हंडे उघड्यावर ठेवलेलं पाणी ओतलं, निम्मं टाकीतलं मिसळलं, हीटर आणि पंप सोडला. मीठ विकत आणावं लागलं नाही. दरवर्षी मासे खारवायला आणलेली खड्या मिठाची गोणी घरात होतीच. मीठ तेच, हात तेच. मासा फक्त या वेळी जिवंत होता.

तांब्याची पाच नाणी काढून त्यांनी टीव्हीवर ठेवली.

संध्याकाळी शेठ आले. त्यांनी आधी टाकीत बघितलं, काळा मासा दिसला नाही, आणि चेहऱ्यावर दुःख आणायला सुरुवात केली. तेवढ्यात हॉलच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांचा आवाज आला.

"यो खोका काय हाय?"

"दवाखाना," जानकीबाई म्हणाल्या.

शेठनी वाकून बघितलं. "त्यान मीठ टाकतंस? खारवतंस काय त्याला?"

"खारवाचा असता तं पोट फोरला असता."

"अगं, भूपेशभाई काय बोलले ते आयकलंस न्हाय? सोमवारच्या आत त्याला..."

"आयकला. म्हनूनच."

शेठ कंबर धरून सरळ झाले. चाळीस वर्षांत या घरात "म्हनूनच" हा शब्द त्यांनीच वापरलेला होता.

गुरुवारी मासा आडवा झाला. शेठ दिवसातून सहा वेळा खोक्यापाशी आले आणि सहाही वेळा जानकीबाई तिथे होत्या. शुक्रवारी तो सरळ झाला. त्या रोज तळातून पाणी ओढायच्या, करिष्मा मोबाइलवर गजर लावून खोक्यासाठी आणि टाकीसाठी मीठ मोजायची. भाविकला बायकोने सांगितलं की तू यात नाहीस, आणि भाविकला ते फार सोयीचं वाटलं.

मग शनिवार आला.

शेठ सकाळी लुंगी खोचून, पाईप खांद्यावर टाकून आणि दोन बादल्या घेऊन हॉलमध्ये आले. टाकीसमोर जानकीबाई मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात अळूच्या पानांचा ढीग आणि ढिगाच्या अलीकडे उघडी विळी, टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची वाट अडवून.

"हॉलान अळू कापतंस?"

"हितं उजेड हाय."

"सरक. पानी काढाचाय."

"काढा. मी कुठं धरलाय?"

शेठनी एक पाय उचलला आणि परत ठेवला. उघड्या विळीवरून ओलांडून जाऊ नये, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं. शेठ मांजराला, शिंकेला, रिकाम्या घागरीला आणि आग्नेयेला मानणारे गृहस्थ. विळी तर लोखंडाची आणि धारेची. त्यात अर्ज भरायला दोन दिवस उरलेले. उजवीकडून जावं तर ढीग, डावीकडून जावं तर बायको.

"ती विळी मिट."

"अळू व्हायचाय."

"किती वेल लागंल?"

जानकीबाईंनी ढिगाकडे बघितलं. "शनवार तं जाईल."

शेठ पाईप घेऊन वीस मिनिटं उभे राहिले. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला शोभेल असं काही करावं असं त्यांना वाटत होतं, पण हातात बादल्या होत्या.

"जुन्या पान्यान पीडा ऱ्हाते," ते शेवटी म्हणाले.

"जुन्या पान्यान कामगार ऱ्हातात," जानकीबाई म्हणाल्या. "तुमी दर शनवारी मारलाव त्यांना. चौतीस मासे पीडेनी न्हाय मेले. तुमच्या सफाईनी मेले."

हे शेठना लागलं. सहा वर्षांचा इतिहास होता तो. ट्रेलर, आग, मूतखडा. "मंग मुतखडा कसा पडला?" त्यांनी विचारलं.

"पानी प्यालाव म्हनून."

दुपारी शेठ जेवायला बसले तेव्हा विळी मिटली गेली. तेवढ्यात सासूसुनेने तळातून पाच बादल्या पाणी काढलं, पाच बादल्या शिळं पाणी भरलं आणि स्पंजाला हात लावला नाही. टाकी त्या शनिवारी चमकली नाही. दोन दिवसांनी कुणी लटकलंही नाही.

सोमवारी सकाळी काळ्या माशाच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. शेठनी खोक्यात बघितलं. "बरा झायला?" त्यांनी विचारलं. आवाजात इतकी निराशा होती की ऐकणाऱ्याला माशाच्या नावावर काही जमीन आहे की काय अशी शंका यावी.

"न्हाय अजून. दहा दिस पुरे कराचे."

दहा वाजता भूपेशभाई आले. नवा पांढरा सदरा, एका हातात होकायंत्र, दुसऱ्या हातात हवा भरून बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत नवा काळा मासा. दारात जानकीबाई उभ्या होत्या.

"भाभी, नवीन आणलाय. ऊर्जा देऊन. जुना गेला ना?"

"खोक्यात हाय. जेवतोय."

भूपेशभाईंनी शेठकडे बघितलं. शेठनी टीव्हीवरच्या नाण्यांकडे बघितलं.

"हरकत नाही," भूपेशभाई म्हणाले, "त्याला तलावात सोडून देऊ, हा टाकीत टाकू. मला जरा आत येऊ द्या."

"नवीन आलेला पंधरा दिस बाहेर ठेवाचा असतो," जानकीबाई दारातून न हलता म्हणाल्या. "भायेरून येनारा कंचा रोग घेऊन आलाय, ते दिसत न्हाय."

"मासा?"

"मासा पन."

शेठ खाकरले. भूपेशभाई अनुभवी होते. त्यांनी आवाज खाली आणला. त्यांच्या धंद्यात खालच्या आवाजाला जास्त वजन असतं. "शेठ, मी स्पष्ट बोलतो. पीडा आलेली आहे. माशाने घेतली नाही तर ती परत जात नाही. घरातलं दुसरं कुणीतरी धरते. आणि घरात नवीन माणूस आलं की त्याचा पायगुणही बघावा लागतो. सूनबाईंना दीड वर्ष झालं ना?"

करिष्मा मिठाचा चमचा हातात घेऊन उभी होती. तिने चमचा खाली ठेवला. शेठनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत नुसता हिशोब जुळवायचा प्रयत्न होता, पण जानकीबाईंना ती नजर ओळखीची होती. तीच नजर त्यांच्या सासूने म्हशीच्या गोठ्यातून त्यांच्याकडे टाकली होती.

"भूपेशभाई," त्या म्हणाल्या, "चपला घाला."

"काढल्याच नाहीत, भाभी. तुम्ही आत कुठे घेतलं?"

"मंग बरं हाय. फिरा माघारी."

"शेठ..."

"त्यांना काय विचारताव? पीडा घेनारी मी हाय, मना विचारा. चौतीस वर्सं मी घेतली. म्हस मेली ती मी मारली, मोटर जळली ती मी जाळली. मंग सहा वर्सं ह्या मुक्या जिवांनी घेतली. आता ह्या घरान कोन न्हाय घेनार. मासा न्हाय, मी न्हाय, आन् ही पोर तं न्हायच न्हाय. तिच्या पायाचं नाव काढलाव तं होकायंत्रासकट खारवीन."

गोणी दारामागेच होती. भूपेशभाईंना ती दिसली. त्यांनी माशाची पिशवी पायरीवर ठेवली आणि गाडी चालू केली. आग्नेय कुठे आहे ते त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही.

जानकीबाईंनी पिशवी उचलली. "दुसरा खोका काढ गं," त्या करिष्माला म्हणाल्या. "यानं काय केलाय? यो पन ड्युटीवर आनलेला."

शेठ अर्ज भरायला गेले. पाठीशी मेलेला मासा नसताना सहा वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या कामाला निघाले होते. वाटेत मांजर आडवं गेलं तेव्हा त्यांनी गाडी थांबवली, पाच मिनिटं वाट बघितली आणि मग गेले.

मतदान पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होतं. मधल्या दिवसांत काळूराम संघाच्या एकूण एक सभासदाकडे जाऊन आला. कोनपासून वडप्यापर्यंत प्रत्येक गोदामात त्याने चहा घेतला. असं म्हणतात की शेवटी शेवटी त्याला चहा बघूनच मळमळायचं, पण घेतला. शेठ कुणाकडे गेले नाहीत. मासा जगल्यामुळे मैदान साफ आहे की नाही याचा त्यांना निर्णय लागत नव्हता, आणि तो लागेपर्यंत ते सोफ्यावर बसून टाकीकडे बघत राहिले.

अकराव्या दिवशी काळा मासा टाकीत परतला. सावळारामने पुन्हा नळीत थेंब टाकून बघितले होते. या वेळी पाणी पिवळंच राहिलं. "शिफ्ट चालू झाली!" तो ओरडला. त्याने आनंदाने दिलेली हाक लांबवर, रिक्षा स्टँडपर्यंत गेली असावी.

शुक्रवारी संध्याकाळी शेठ घरी आले. गळ्यात हार नव्हता. ते हरले होते, चार मतांनी. चप्पल न काढताच ते टाकीसमोर जाऊन उभे राहिले आणि बोट काचेला टेकवून मोजायला लागले. सोनेरी आठ. काळा एक, काचेपाशी येऊन त्यांच्या बोटाबरोबर फिरत होता. मग ते कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेले. नवा काळा मासा, तोही ठणठणीत.

परत आले, पुन्हा मोजले. कुणीही मेलं नव्हतं.

करिष्मा पाणी घेऊन आली. शेठनी तांब्या घेतला आणि तिच्याकडे बघितलं.

"तिच्याकडं न्हाय बघाचा," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

शेठनी मान फिरवून बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडं पन न्हाय."

शेठ सोफ्यावर बसले. मग त्यांनी अगदी प्रामाणिकपणे, खरोखरच माहिती नसल्यासारखं विचारलं, "मंग ही हार कोनाचे नावावर?"

"तुमचे," जानकीबाई म्हणाल्या. "काळूराम दारोदार चहा पीत फिरला. तुमी हितं बसून माशाची वाट बघत व्हताव. हरलाव तुमी. हितं मेला कोन न्हाय."

शेठनी ते ऐकून घेतलं. अंगावर असं काही घ्यायची सवय नसलेल्या माणसाला जरा वेळ लागतो. त्यांनी पाणी प्यायलं, रिकामा तांब्या कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला.

"चार मतांनी," ते म्हणाले.

"चार तं चार. तुमचीच." जानकीबाईंनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. "आन् उद्या शनवार हाय. पाच बादल्या काढाच्या. तळातून. स्पंजाला हात लावलाव तं बघा."

दुसऱ्या दिवशी शेठनी पाच बादल्या काढल्या. सहावी भरायला घेतली होती, पण विळी घेऊन कुणीतरी हॉलमध्ये येताना दिसलं, म्हणून ठेवून दिली.